एका बगळ्यावर एकमत

सर्व संबंधितांना, विशेषतः वसई ते विरारपर्यंतच्या समस्त बगळ्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की एकोणीस वर्षं चाललेला वाद अखेर मिटला आहे. गिरीजच्या केळीवाडीचे मालक, म्हणजे माझे मेव्हणे, आणि जूचंद्रचा रहिवासी, म्हणजे मी, यांच्यात एका बगळ्याच्या जातीबाबत संपूर्ण एकमत झालं आहे. निकाल माझ्या बाजूने लागला आहे. वहीत शाईने नोंद झाली आहे, दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या आहेत आणि हरकती घेण्याची मुदत संपली आहे.

कृपया पेढे वाटू नयेत. मी जिंकलो त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

आता सगळं रीतसर सांगतो.

आम्ही खाडीकाठचे लोक. आमच्याकडे भात, मीठ, चिखल आणि डास यांची कधी टंचाई पडली नाही. बायको गिरीजची, वाडीवाल्यांची. तिकडे केळी, नारळ, विहीर, पाटाचं पाणी आणि भर दुपारी सावली. स्कूटरवरून अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. पण लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी परदेशातलं स्थळ असल्यासारखी तोंडं केली होती. माझी आई 'पानी' म्हणायची ते तिकडे गमतीचं वाटायचं आणि तिकडची घरातली बोली मला पहिली दोन वर्षं अर्धीच कळायची. न कळणारी अर्धी बहुधा माझ्याबद्दल असायची, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं.

सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा छाप पाडायची म्हणून मी अंगणात उभा राहिलो, शेवग्यावर बसलेल्या एका राखाडी, पोटावर पट्टे असलेल्या पक्ष्याकडे बोट केलं आणि नाटकातल्या सेनापतीचा आवाज लावला. "शिक्रा! शिकारी पक्षी आहे, कोंबडीची पिल्लं आत घ्या!"

सासूबाई खरंच पिल्लं आत घ्यायला उठल्या. मागून एक शांत आवाज आला.

"पावशा आहे, भावोजी."

हा माझा मेव्हणा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, खांद्यावर केळीचा घड, हातात कोयता, आणि सदऱ्यावर केळीच्या चिकाचे इतके डाग की मूळ रंग कोणता ते त्याच्या बायकोलाही आठवत नसे. माझी बायको त्याला दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो.

"पावशा कसा?" मी म्हणालो. "पट्टे बघा. शेपटी बघा. डोळा बघा, कसा पिवळाजर्द!"

"चोच बघा. त्या चोचीने तो फार तर सुरवंट खाईल."

मी प्रत्युत्तरासाठी छाती भरून घेतली, आणि नेमकं तेव्हाच त्या हलकट पक्ष्याने तोंड उघडून 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' सुरू केलं. सासूबाई पिल्लं घेऊन परत बाहेर आल्या. मी जेवायला बसलो तेव्हा दादाने माझ्या पानात स्वतःच्या हाताने जास्तीचं शिकरण वाढलं आणि हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी दुर्बीण घेऊन येतो तुमच्या मिठागरावर. तिथे तुम्ही मला पाडा."

असे आमचे रविवार सुरू झाले. घरात माणसांसमोर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो. बहिणीच्या नवऱ्याचा मान असतो, तो त्याने कधी मोडला नाही. पण खाडीच्या बांधावर पाय पडला की पहिल्या पक्ष्याला 'तुम्ही' जायचं आणि दुसऱ्या पक्ष्याला 'अरे गाढवा' यायचं. जावयाला गाढव म्हणायचा तेवढाच एक बांध त्याला मिळालेला होता आणि तो त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा.

आमची एक वही होती. तिचा नियम सोपा होता. पक्षी दोघांनी पाहिला आणि दोघांना पटला तरच तो शाईने लिहायचा. एकालाच पटला तर शिसपेन्सिलीने, आणि पुढे ज्याचं म्हणणं त्याची सही. परतताना आम्ही गिरीजला जायचो. मागच्या पडवीत, रविवारी माहेरी आलेली माझी बायको भाजी निवडत बसलेली असायची, तिच्यापुढे खटला उभा राहायचा. ती आमची न्यायाधीश. तिला खंड्या आणि पोपट यापलीकडे पक्ष्यांत रस नाही, त्यामुळे ती निःपक्षपाती होती. मी आवाज चढवून, हातवारे करून, पक्ष्याची चाल चालून दाखवत युक्तिवाद करायचो. दादा एका जागी बसून दोन वाक्यं बोलायचा. ती शेंगेचं डेख मोडत निकाल द्यायची: "दोघेही मूर्ख. हातपाय धुऊन या."

आता बगळ्याकडे येतो.

एका हिवाळ्यात आमच्या गावामागच्या मिठागरात तो दिसला. अंगाने छोट्या बगळ्याएवढा, पांढरा. पण पंखांवर आणि मानेवर करडे ठिपके, शाई झटकल्यासारखे. मी जागच्या जागी उडी मारली. समुद्रकाठी राहणारा एक बगळा असतो, आम्ही त्याला समुद्री बगळा म्हणतो. तो कधी पूर्ण काळसर असतो, कधी पूर्ण पांढरा, आणि फार क्वचित असा दोन्ही रंगांची सरमिसळ झालेला. हाच तो क्वचित!

दादाने दुर्बीण डोळ्यांना लावली, बराच वेळ लावली, आणि खाली घेऊन म्हणाला, "साधा बगळा आहे. केळीचा चीक लागलाय."

ज्यांच्या घरी वाडी नाही त्यांच्यासाठी सांगतो. घड उतरवला की केळीचं झाड तोडून टाकतात. कापलेल्या खुंटातून पाण्यासारखा चीक वाहतो. अंगावर पडतो तेव्हा त्याला रंगच नसतो, वाळला की तपकिरी काळा होतो आणि मग कपडा फाटेपर्यंत जात नाही. वाडीत तोडणी चालली की बगळे किडे-बेडकांसाठी माणसांच्या पायांत येतात. तेव्हा दादाच्या जगात पांढऱ्या वस्तूवरच्या कुठल्याही डागाचं एकच कारण होतं. जगातल्या कुठल्याही पक्षितज्ज्ञाला ही शंका आली नसती. ती यायला गिरीजलाच जन्मावं लागतं.

"अरे, करडा आणि तपकिरी यांतला फरक मला शिकवतोस?" मी ओरडलो. "रांगोळीवाल्या जूचंद्रचा आहे मी! रांगोळीत माणसाच्या केसांना करड्याच्या सात छटा भरतो!"

"मग भर. बगळ्याला नको भरूस."

"चोच बघ, जाड आहे!"

"चिखल लागलाय."

"पाय बघ!"

"दाखव."

तीच तर गोम होती. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि पंजे पिवळेधमक, मोजे घातल्यासारखे. समुद्री बगळ्याचे पाय जरा वेगळे, हिरवट. एकदा पाय दिसले असते तर वाद दोन मिनिटांत संपला असता. पण तो बदमाश गुडघाभर चिखलात उभा, आणि उडाला तो थेट आमच्याकडे पाठ करून.

दुसऱ्या रविवारी दादा खटल्याला पुरावा घेऊन आला. वाडीत पडलेलं बगळ्याचं एक पांढरं पीस त्याने चीक शिंपडून तीन दिवस वाळवलं होतं. पिसावर ठिपके उमटले होते. मी त्याच संध्याकाळी पडवीत रांगोळीने दोन पिसं काढली, एक करड्या ठिपक्यांचं, एक तपकिरी ठिपक्यांचं, आणि न्यायाधीशांना विचारलं, बोला, कोणतं? न्यायाधीशांनी दोन्ही पिसं केरसुणीने एकत्र केली आणि म्हणाल्या, "बगळ्याला स्वतःला घेऊन या. मग बघू."

वहीत शिसपेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या गेल्या. एकीपुढे माझी सही, दुसरीपुढे त्याची. पुढे कधी एका हिवाळ्याने, कधी दोन-तीन हिवाळ्यांनी असा बगळा दिसायचा. तोच की त्याचा पुतण्या, देव जाणे. दर वेळी चिखलात. दर वेळी आम्ही घसा बसेपर्यंत भांडायचो. मधल्या काळात माझे वडील गेले, सासूबाई गेल्या, मिठागरं एकामागून एक भरावाखाली गेली, जिथे आम्ही लांब पायांचे शेकाटे मोजायचो तिथे सात मजली इमारतींनी कपडे वाळत घातले. आम्ही बांधावरून मागे मागे सरकत राहिलो आणि भांडत राहिलो. खरं सांगायचं तर या काळात माझ्याशी इतकं मनापासून कुणीच बोलत नव्हतं.

मग गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष आला.

बांधाच्या उघाडीपाशी, म्हणजे जिथे भरतीचं पाणी अडवायची लाकडी झडप आहे तिथे, आम्ही बसलो होतो. समोर चिखल्या पक्ष्यांचा थवा उतरला. मी नाव घेण्याआधी नेहमी दादा घ्यायचा. त्या दिवशी तो काही बोलेना. मी बघितलं तर त्याची दुर्बीण थव्याच्या बरीच उजवीकडे होती, नुसत्या पाण्यावर.

"दिसलं काय तिकडे?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि दुर्बीण उतरवून तिचा पट्टा गुंडाळू लागला. "साखर डोळ्यांत उतरलीय. पडदा खराब झालाय दोन्हीकडचा. डाव्या डोळ्यापुढे जळमट लोंबतंय, उजव्याने बघावं तर मधोमध डाग. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देतात. गेलेलं परत येणार नाही म्हणाले, आहे ते टिकवू या."

मला त्या क्षणी सुचलेली गोष्ट सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "डाग? केळीचा असेल."

तो हसला, मनापासून हसला. माझा खांदा धरून हसला. मग हसू ओसरलं तरी हात खांद्यावर तसाच राहिला, आणि माझ्या लक्षात आलं की त्याने तो उठायला आधार म्हणून धरलाय.

"बायला सांगू नका," तो म्हणाला. बाय म्हणजे त्याची धाकटी बहीण, माझी बायको. "ती रडत बसेल. आणि रविवार चुकवू नका."

मी दोन्ही वचनं दिली. दोन्ही पाळली. पण तो 'सांगू नका' म्हणाला होता, बांधावर, जिथे मी कायम गाढव होतो. तिथून पुढे बांधावरही मी भावोजीच झालो. ज्याचा दंड धरून चालायचं त्याला अरे-तुरे करता येत नसावं.

त्याला कशाची भीती होती ते मला माहीत होतं. आंधळं होण्याची होतीच. पण वाडीतली वाट त्याच्या पायांना पाठ होती, केळीचा घड तयार झाला की नाही ते तो बोटांनी सांगायचा. भीती होती ती रविवारी माझ्या शेजारी बसून निरुपयोगी होण्याची. दोघांनी पाहिला आणि दोघांना पटला तरच शाई. दोघांतला एक कमी झाला तर वही तिथेच बंद. म्हणून तो नावं घेत राहिला. आकारावरून, उडण्याच्या ढंगावरून, पाण्यातल्या हालचालीवरून. पुष्कळदा बरोबरही यायची. आणि जेव्हा चुकायची, तेव्हा मी म्हणायचो, "बरोबर."

पहिली चूक लहान होती. तुतवाराला तो चिखल्या म्हणाला. एवढ्याने काय होतं, म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या रविवारी घारीला भोवत्या म्हणाला. हरकत नाही, दोन्ही आकाशातच असतात. मग एकदा लांबच्या पाणकावळ्याला त्याने खुंट म्हटलं आणि मी तेही मान्य केलं. पाणकावळ्याने पंख पसरले तेव्हा मी खोकलो. मला वाटायचं, मी फार चांगला माणूस आहे. खरं म्हणजे भांडायला लागलो तर माझा आवाज फुटेल याची मला धास्ती होती.

खटले बंद पडले. आम्ही पडवीत यायचो, हातपाय धुवायचो आणि मुकाट्याने चहा प्यायचो. बायको एकदा म्हणाली, "आज कोणाची फिर्याद नाही?"

"पटलं सगळं," मी म्हणालो.

"दोघांना?"

"दोघांना," दादा म्हणाला.

ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली. न्यायाधीशाला असं बेकार बसवलं की तो विचार करू लागतो, हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं.

आणि मग एकमताचा दिवस उजाडला. माघातली सकाळ, ओहोटी, हवेत भरावाच्या गाड्यांची धूळ. शेवटच्या शिल्लक मिठागराच्या बांधावर आम्ही उभे होतो, माझ्या दंडाला त्याचा हात. समोर शंभरेक पावलांवर मधल्या चिखलात एक लाकडी खुंट होता आणि त्याला काहीतरी पांढरं अडकलेलं होतं. वारा आला की ते मान वळवल्यासारखं हलायचं.

दादाचा हात घट्ट झाला. "तो बघा, भावोजी. तुमचा बगळा."

मी दुर्बीण लावली. बगळ्याच्या छातीवर निळ्या अक्षरांत '५० किलो' असं लिहिलेलं मला स्पष्ट वाचता आलं. सिमेंटची रिकामी गोणी होती. वर चिखलाचे शिंतोडे उडाले होते.

"द्या इकडे," म्हणून त्याने दुर्बीण घेतली, आणि मी तिची दिशा बोटाने हळूच लावून दिली. तो खूप वेळ बघत राहिला. मान जराशी तिरकी करून, डोळ्यातल्या डागाच्या कडेने बघत होता. नवीन सवय होती ती. आता बोलायचं असेल तर हीच वेळ होती. 'दादा, गोणी आहे,' एवढं म्हणायचं. एकोणीस वर्षांत मी त्याला याहून कितीतरी वाईट बोललो होतो.

"एकोणीस वर्षं मी चीक म्हणत आलो," तो हळू म्हणाला. "आज नीट दिसतोय. चीक असा नसतो. चीक ओघळतो, त्याला शेपूट येतं. हे ठिपके सुटे आहेत, कडा साफ आहेत. पिसाचाच रंग आहे तो." त्याने दुर्बीण खाली घेतली. चेहरा उजळला होता. "समुद्री बगळा. तुमचंच खरं होतं. मी हरलो."

त्याचा युक्तिवाद बिनचूक होता. इतकं चांगलं, इतकं बारकाईने तो आयुष्यात कुठल्या पक्ष्याबद्दल बोलला नव्हता.

"बघ, बघ, मी सांगत होतो की नाही!" मी म्हणालो. माझा सेनापतीचा आवाज लावून म्हणालो. टाळीही दिली. माझं उभं आयुष्य वगनाट्यात गेल्यासारखं लोक बोलतात, पण एवढी कठीण भूमिका माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

इतक्यात चिखलातून एक मावशी आली. निवटे, म्हणजे चिखलातले मासे, धरायला आलेली, साडी खोचून, मांडीपर्यंत काळी. ती सरळ बगळ्यापाशी गेली, बगळ्याला खुंटावरून सोडवलं, दोनदा झटकलं, आणि बांधावर आम्ही दिसलो म्हणून तो उंच धरून मला खुणेने विचारलं: तुमची हाय का? ती ओरडून विचारेल म्हणून मी दोन्ही हात जोडले. देवळात जोडतो तसे जोडले. तिने खांदे उडवले, डब्यातले निवटे बगळ्यात ओतले, बगळा खांद्यावर टाकला आणि चालू लागली.

"उडाला?" दादाने विचारलं.

"उडाला."

"कुठल्या बाजूला?"

"जूचंद्रकडे," मी म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं.

"पाय दिसले?"

"चिखलात होते."

"नशीब बघा आपलं," तो म्हणाला आणि समाधानाने हसला.

त्याने तिथेच बांधावर बसून वही उघडायला लावली. शिसपेन्सिलीच्या ओळींवर त्याला स्वतःच्या हाताने शाई फिरवायची होती. मी पान दाखवलं, बोट ठेवून ओळ दाखवली. त्याचं अक्षर वाडीवाल्यासारखं होतं, सरीत लावल्यासारखं सरळ. त्या दिवशी ते ओळ सोडून खाली उतरत गेलं, आणि त्याची सही माझ्या सहीच्या अंगावर पडली. "नीट आलंय ना?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नीट आलंय.

गिरीजला पोचल्यावर बायकोने वही हातात घेतली. ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती. तिने ते पान वाचलं, परत वाचलं. दादा आत हात धुवायला गेला होता.

"दादाने हार मानली?" ती म्हणाली.

"हो."

"माझ्या दादाने?"

तिने त्या खाली उतरत गेलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वही मिटली, बाजूला ठेवली आणि परत शेंगा सोलायला घेतल्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, ती दाणे सालांच्या ढिगात टाकत होती आणि सालं पातेल्यात.

"कधीपासून?" तिने खाली बघत विचारलं.

वचन होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. ते पुरेसं झालं.

त्यानंतर ती दर आठवड्याला दादाबरोबर डॉक्टरांकडे जाऊ लागली. रडत मुळीच बसली नाही. इंजेक्शनं झाली. उजव्या डोळ्यात थोडा उजेड राहिला आहे, माणूस उभा आहे की झाड एवढं कळतं, डावा मिटला. खाडीवर जाणं थांबलं, कारण बांधावरच्या निसरड्यात दोनदा तो पडला आणि दुसऱ्यांदा मीही त्याच्यासोबत पडलो. पण रविवार चुकवायचा नव्हता. म्हणून आम्ही वाडीतच विहिरीच्या कठड्यावर बसू लागलो. मी बघायचो आणि सांगायचो. तो ऐकायचा. मी सांगेन ते पक्षी. हळूहळू मला त्याची गोडी लागली, हे कबूल करतो. एखाद्या रविवारी वाडीत काहीच नसलं तर मी नारळावर घारीचं जोडपं बसवायचो. एकदा केळीच्या पानाआडून एक स्वर्गीय नर्तकही नाचवून काढला, लांब पांढऱ्या शेपटीसकट. दादा 'अस्सं' म्हणायचा. पूर्वी तो 'अस्सं' कधीच म्हणत नसे. पूर्वी तो 'दाखव' म्हणायचा.

मागच्याच महिन्यातली गोष्ट. सकाळचे नऊ वाजले असतील. बायको शेजारी सुपात तांदूळ निवडत होती. उंबरावरून आवाज येऊ लागला: टुक, टुक, टुक, टुक. एकसारखा, ठोक्यावर ठोका, कोणी लांबवर भांडं ठोकत बसल्यासारखा. हा आवाज वसईत कोणालाही विचारा. रिक्षावाला सांगेल, शाळेतली पोर सांगेल, आमच्या न्यायाधीशसुद्धा सांगतील.

दादाने मान वर केली. थोडा वेळ ऐकलं.

"भारद्वाज बोलतोय," तो म्हणाला.

डोळे गेले होते, ते मी कसंबसं मांडून ठेवलं होतं. कान जातील असं मनात आलं नव्हतं. भारद्वाजाचा आवाज कुठला, घागरीत घुमल्यासारखा, आणि हा कुठला! मी बायकोकडे बघितलं. तिचा हात सुपात थांबला होता.

"भारद्वाजच," मी म्हणालो.

"दिसतोय?"

"दिसतोय ना. खालच्या फांदीवर. वा, काय रुबाब आहे!" माझी गाडी उताराला लागली होती, ती थांबेना. "काळं कुळकुळीत अंग, वर विटकरी पंखांची शाल पांघरलेली. डोळा लाल, गुंजेसारखा. आता वळला. आता आपल्याकडेच बघतोय. सकाळी सकाळी भारद्वाज दिसला, शुभ असतं म्हणतात."

टुक, टुक, टुक, टुक.

दादाचे दोन्ही हात कठड्यावर होते. मग त्यातला एक उठला, हवेत मला शोधत आला, आधी माझ्या कानाला लागला, मग सदऱ्याच्या कॉलरपाशी पोचला आणि त्याने ती मुठीत धरली. बायको सूप खाली ठेवून उठली. इतक्या महिन्यांत तो माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता, तो आता सगळी वाडी ऐकेल असा ओरडला:

"अरे गाढवा, तांबट आहे तो! भांड की माझ्याशी, मेलोय का मी?"